पलंग अडकला तेव्हा

कुरिअरनं बेडूक आला. तीन पायांचा,
तोंडात नाणं धरलेला.
ऋजुतानं पुण्याहून पाठवला, सोबत यादी:
पाठ दाराकडे, तोंड घरात.
जमिनीवर ठेवू नका, न्हाणीत तर नकोच.

मी त्याच्याकडे बघत बसलो.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
कोऱ्या, करकरीत, कुणाचाच हात न लागलेल्या,
आणि रोज सुटताना गेटवर हात वर करून
रिकामे खिसे दाखवले.
हा गडी असा तोंडात नाणं घेऊन
आमच्या गेटातून निघाला असता
तर तिथंच धरला असता.

शनिवारी बेदरकर मॅडम जेलरोडला आल्या.
हातात होकायंत्र, पायात मोजे.
म्हणाल्या, तुमचा धनाचा कोपरा कोंडलाय.
तिथं शिलाई मशीन, त्यावर इस्त्रीचा ढीग,
ढिगावर माझा कमरेचा पट्टा.
हिनं हळूच विचारलं,
"ह्यांचा पगार चालू होता, तेव्हाही कोंडलेलाच होता का हो?"
मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग नैऋत्य. नात्याचा कोपरा.
इथं सगळं जोडीनं हवं,
दोन दिवे, दोन उशा, दोन पक्षी.
तिथं माझा पलंग, एक उशी.
नाइट शिफ्ट लागली तेव्हा हिनं
बाहेरच्या खोलीत गादी घातली,
दिवसा माझी झोप मोडू नये म्हणून.
शिफ्ट सुटली, नोकरी सुटली,
गादी तिथंच राहिली.
हे मॅडमना कुणी सांगितलं नाही.
सुई उगाच थरथरली जराशी,
बहुतेक लोखंडी कपाटामुळे.

"आणि पाय दाराकडे करून झोपता? शिव शिव!"

संध्याकाळी आम्ही दोघं पलंगाला भिडलो.
खोलीत तो फिरेना,
म्हणून बाहेर काढून उलटा आत घ्यायचा.
"डावीकडे." "तुमच्या की माझ्या?"
"जरा उचल." "उचललाय केव्हाचा."
दारात मधोमध तो रुतून बसला,
मी आत, ही बाहेर.
हातोडी आणायची तर ती बाहेर,
पान्हा आत.
शेवटी मी पलंगाखालून रांगत निघालो,
बासष्टाव्या वर्षी, केसांत जळमटं,
आणि ही भिंतीला टेकून इतकी हसली
की तिला खाली बसावं लागलं.

रांगताना धुळीत चार आणे सापडले,
बाजारात केव्हाच बंद झालेले.
हिनं पदराला पुसले, बेडकासमोर ठेवले.

गाडेकरांच्या पोराला बोलवू का, मी म्हटलं.
"त्याची परीक्षा आहे. राहू दे."

रात्री दुसरी गादी पहिलीशेजारी पडली.
अडीचच्या सुमारास मालगाडी गेली देवळालीकडे,
खिडकीतल्या पितळी नळ्या किणकिणल्या.
वारा अजिबात नव्हता.

"किती डबे?" अंधारातून हिनं विचारलं.
"बेचाळीस."
"त्रेचाळीस. रोज त्रेचाळीसच असतात."

एकतीस वर्षांत
मोजणीत माझी चूक कुणी काढली नव्हती.