लाल खुणेची तोटी

मस्कतच्या विमानतळाचं काचेचं दार सरकलं
आणि चष्म्यावर वाफ धरली.
पहिला ओमान मी बोटानं पुसून पाहिला.
सोहारच्या वाटेवर ड्रायव्हरनं एसीचा झोत माझ्याकडे वळवला,
म्हणाला, घे, पोटभर घे.

काम एकवीस दिवसांचं.
बंद ठेवलेल्या युनिटमधली प्रेशर गेजं उतरवायची,
तपासायची, काटा शून्यावर आणायचा, परत बसवायची.
कव्हरॉल निळा, जाड, आग न धरणारा.
आग तो आतून धरतो.

चौथ्या दिवशी कॉलरखाली काहीतरी पेरल्यासारखं वाटलं.
पाचव्या दिवशी उगवलं.
मानेवर, कोपराच्या खोबणीत, पट्ट्याच्या रेषेवर,
राजगिरा सांडावा तसं दाट,
जिथे जिथे कापड मला धरून होतं
तिथे तिथे.
समुद्र रस्त्यापलीकडेच, पण त्याचा वारा म्हणजे
कुणी ओला टॉवेल तोंडावर दाबून धरावा तसा.

रात्री एसीच्या घरघरीत जागा राहून
मी स्वतःचंच गेज वाचायचो:
खाजवलं की काटा चढतो,
थांबलं की थरथरतो,
शून्यावर येत नाही.

वैजूनं फोनच्या पडद्यातून विचारलं,
मान अशी वाकडी का धरलीयस?
उशी उंच आहे, म्हटलं.
मग काढून टाक की.
हो, काढतो.

औषधाच्या दुकानात शीजा नावाची मल्याळी बाई.
माझ्या गळ्याकडे एकदाच बघून
तिनं गुलाबी बाटली पुढे सरकवली.
पावडर नको, पावडरीचा चिखल होतो,
हे तिनं हिंदीत सांगितलं, माझ्याहून बऱ्या.
एक रियाल दोनशे बैसा.

संध्याकाळी आंघोळीला निळ्या खुणेची तोटी सोडली
आणि ओरडलो.
बाहेरून शौकत सारंगचा आवाज:
निळी नको रे, लाल सोड!
छपरावरची टाकी दिवसभर उकळते.
गीझर मी मे महिन्यातच बंद केलाय,
त्यातलं पाणी बिचारं सावलीत बसून असतं.

लाल तोटीतून गार पाणी आलं.
मी भिंतीला कपाळ टेकून उभा राहिलो,
साबणही न लावता, बराच वेळ.

पाठीला हात पोचत नव्हता.
फूटपट्टीला कापूस बांधून पाहत होतो,
तेव्हा शौकतनं बाटली काढून घेतली. वळ तिकडे.
बाणकोटचा माणूस, एकोणीस उन्हाळे इथे क्रेनवर;
चाळीस टन लोखंड जमिनीला कळू न देता टेकवतो.
तीच दोन बोटं माझ्या पाठीवर,
थंड, खडूसारखी, खालपर्यंत.
खाजवून खरूज काढू नको,
एवढाच त्याचा उपदेश.

आता तुमची पाठ, म्हटलं.
मला कुठे काय, म्हणाला.
मग जरा वेळानं बनियन वर केलं.

जुने काळपट डाग, एकावर एक,
कुठला कोणत्या सालचा सांगता येणार नाही असे.
आणि मधोमध, हात न पोचणाऱ्या वीतभर जागेत,
ताजं, लाल, ओलसर.
तेव्हा दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं.
खांद्याच्या उंचीला तिचा रंग घासून गेला होता.
मला वाटलं होतं कपाट नेताना लागलं असेल.

मी बाटली हलवली, बराच वेळ हलवत राहिलो.
लाव ना, तो भिंतीकडे बघत म्हणाला.

चिंचवडला आल्यावर पहिल्याच आंघोळीला
सवयीनं लाल सोडली आणि भाजलो.
काय झालं? वैजू बाहेरून.
काही नाही.

मान आता कोरडी आहे,
नखाएवढे पापुद्रे कॉलरवर सापडतात.
काल शौकतला फोन केला,
माझ्या जागी कोण आलं विचारलं.
अजून कुणी नाही, म्हणाला. खाट रिकामीच आहे.
तुझी अर्धी बाटली गीझरवर ठेवलीय.