तेहेतीसच्या वेगावर

एस्बियर्ग बंदरात, माशांच्या पिठाच्या कारखान्यात
माझी आई पावत्या लिहायची.
चोविसाव्या वर्षी तिनं एक गाणं गायलं,
सायकल चोरीला गेल्याचं.
बेकरीबाहेर लावली होती, पाव घेऊन येते तर जागा रिकामी.
दोन मिनिटं दहा सेकंद,
मागे अकॉर्डियन, मध्ये सायकलची खरी घंटा
(ती आजोबांनी वाजवली. एकदा चुकीच्या जागी).

पाचशे तबकड्या काढल्या,
चारशे ऐंशी परत आल्या.
पेपरात एकच ओळ: कुमारी थोर्सेगर यांना कसली एवढी घाई आहे?
बस. पुढे कुणी हिंग लावून विचारलं नाही.
खोकी बाबांनी भंगारात दिली.
तीन तबकड्या उरल्या,
डावीकडे कलणाऱ्या वॉशिंग मशीनच्या पायाखाली.
लहानपणी आईचं गाणं मी एवढंच ऐकलं:
कपडे पिळताना तळघरात होणारी थरथर.

कारखान्यातला फिटर एय्विन्द
यंत्र बसवायला पेरू देशात गेला, चिम्बोतेला.
‘इथल्या समुद्रालाही आपल्यासारखाच वास येतो,’
असं त्यानं कार्डावर लिहिलं होतं.
परतताना सामान जड झालं
म्हणून आईनं दिलेली तबकडी खाणावळीत ठेवून आला.
आईला म्हणाला, हरवली.

खाणावळवालीचा भाचा तेओदोसियो
रात्री रेडिओवर बसायचा.
तिथल्या ग्रामोफोनचा वेगाचा खटका
खाऱ्या हवेनं गंजून तेहेतीसवर अडकलेला.
पंचेचाळीसचं गाणं त्यानं तसंच लावलं.

आईचा आवाज खाली, आणखी खाली उतरला,
पुरुषाचा झाला,
रात्रभर होडीत जागलेल्या, साठी ओलांडलेल्या पुरुषाचा.
अकॉर्डियनला धाप लागली.
आणि घंटा,
धुक्यात कुठेतरी, चर्चची,
एकदा चुकीच्या जागी.

त्या आठवड्यात एक होडी परतली नव्हती.

आई गात होती, मीन सूकल, माझी सायकल.
त्यांनी ऐकलं, मि सिग्लो, माझं शतक.
माझं शतक कुणी नेलं,
इथंच तर उभं केलं होतं, भिंतीला टेकवून.
बाकीचे शब्द कुणालाच कळले नाहीत.
ते तसेच पाठ झाले, पोरासोरांनाही,
मंत्रासारखे.
सत्तेचाळीस वर्षं तिथली प्रत्येक शवपेटी
आमच्या बेकरीवरून गेली.

हे सगळं आम्हाला एदेल्मिरानं सांगितलं,
तेओदोसियोच्या मुलीनं.
लेबलावर फक्त आर. थोर्सेगर, एस्बियर्ग.
तेवढ्यावर शोधत आली, हातात कार्नेशनची जुडी,
वडिलांना दिलेला शब्द.
‘सिन्योर थोर्सेगरना कुठे पुरलंय?’

माझं स्पॅनिश शाळेतलं, मोडकंतोडकं,
तरी एवढं कळलं.
आईकडे बघितलं.
आई एकाहत्तर वर्षांची, हाताला कणीक,
चष्मा कपाळावर.
ती फुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली,
‘सांग तिला, समुद्रात.
आणि सांग, झोपेतच गेला, त्रास नाही झाला.’

एदेल्मिरा रडली. आईनं तिला कॉफी दिली,
वर दोन बिस्किटं.
संध्याकाळी दोघी धक्क्यावर जाऊन
फुलं पाण्यात सोडून आल्या.
आई रीतसर मान खाली घालून उभी होती.
मला हसू येत होतं, मग येईना.

रात्री तळघरात उजेड दिसला.
तिनं मशीन उचकटून
मधली, कमी ओरखड्यांची तबकडी काढली होती.
खटका तेहेतीसवर.
जिन्यात बसून मीही ऐकलं.
मध्ये एकदा ती बरोबर गायला गेली,
पहिल्याच ओळीला श्वास संपला.
‘एवढा दम याला कुठून मिळतो गं,’ म्हणाली,
‘याची सायकल कधीची सापडलेली आहे,
तरी हा शोधतोय.’

मशीन आता पुन्हा कलतं.
पायाखाली काही सरकवायला गेले
की वरून ओरडते:
राहू दे.