रीडिंग

बेड नंबर नऊ. खासगीवाले, वय एकाहत्तर.
जानेवारी. कंपूकडच्या खिडक्यांवरचं धुकं
दहा वाजले तरी उठलेलं नाही.
जेलीची बाटली मी थोडा वेळ स्वेटरच्या आत धरते,
तरी मांडीला ती गार लागतेच,
आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस एक भुवई उचलतो.
सध्या तेवढंच उचलता येतं त्यांना.

कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप,
दोन तृतीयांशावर पेनाची खूण.
उद्या इथंच, परवाही इथंच.
अंग पुसणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय,
एवढी निळी फुली राहू द्या.

प्रोब दाबायचा नाही.
हे शिकायला मला वर्ष लागलं.
दाबला की स्नायू चपटा होतो,
आहे त्याहून कमी दिसतो.
सायीला धक्का न लावता पातेलं उचलावं
तसा तो धरायचा, जेलीवर, नुसता.

पडद्यावर तळाशी पांढरी कमान, मांडीचं हाड.
त्याला कसलीच घाई नाही.
त्याच्या वर काळसर मांस, मधून पांढरी रेघ.
पहिल्या दिवशी एकवीस मिलिमीटर.
चौथ्या दिवशी अठरा.
आज पंधरा पूर्णांक चार,
आणि काळ्यात कुणी चुलीतली राख कालवल्यासारखी.

बाहेर मुलगा खुशीत.
"मॅडम, वजन तीन किलो वाढलं बाबांचं,
म्हणजे सुधारूनच राहिले ना?"
पाणी आहे ते, मी म्हणते. सूज.
तो माझ्याकडे बघतो, मग काट्याकडे.
काटा कशाला खोटं बोलेल.

काकू पिशवीतून गजक काढतात, चालेल का विचारतात,
नळीतून जाणार नाही हे माहीत असून.
मग आपणच सांगू लागतात.
हे वीजखात्यात मीटर रीडर. तेहेतीस वर्षं.
दौलतगंज, फालका बाजार, चिटणीस की गोठ,
सायकल खाली, मीटर तिसऱ्या मजल्यावर,
नाहीतर म्हशीच्या मागे, अंधारात,
टॉर्च दातांत धरून आकडे लिहायचे.
कुलूप दिसलं की रकान्यात "दार बंद"
आणि सरासरीचं बिल.
"यांना नाही आवडायचं ते.
संध्याकाळी परत जायचे, जेवण टाकून."

तेहेतीस वर्षांचे जिने.
सात दिवसांत साडेपाच मिलिमीटर.

रात्री मी फाईल उघडते.
साठ किलोचा पुरुष, इतके ग्रॅम प्रोटीन, इतकी कॅलरी,
कुणीतरी पहिल्याच दिवशी भरून टाकलेलं,
रोज तेच, खाली सही.
खुद्द माझी सही.
सरासरीचं बिल.

ते खोडते. नवा आकडा लिहिते.
सरांशी वाद होतो, थोडा, राऊंडमध्ये, सगळ्यांसमोर.
किडनीचा रिपोर्ट मध्ये येतो, मग बाजूला होतो.
फिजिओवाले कुशवाह पलंगाला सायकल जोडतात,
निजलेल्या माणसाचे पाय पेडलवर बांधतात,
आणि काकू पहिल्यांदाच हसतात,
"घंटी नाही का हिला?"

अकराव्या दिवशी नळी निघाली.
आवाज खरखरीत, पत्र्यावर वाळू ओढल्यासारखा.
"किती आलं?"
पंधरा पूर्णांक सहा.
"मागचं?"
पंधरा पूर्णांक चार.
ओठ हलले, वजाबाकी झाली.
डोळ्यांत काहीतरी येऊ लागलं
तेव्हा मला सांगावंच लागलं,
काका, दोन दशांश म्हणजे काही नाही,
एवढी तर माझ्या हाताची चूक असू शकते.

ते गप्प. मॉनिटरची टिकटिक.
धुक्यापलीकडे कुठंतरी टेम्पोचा हॉर्न.

"मग परत घ्या," म्हणाले,
आणि चादर स्वतःच बाजूला करू लागले,
एका हाताने, फार वेळ लागला,
मी मदत केली नाही.
फुली पुसट झालेली.
मी टेप काढला,
कमरेच्या हाडापासून पुन्हा.