तिठ्यावरचा फळा

मांद्र्याच्या तिठ्यावर पिंपळाला टेकलेला फळा
मी लिहितो.
पंचायत खडूचे पैसे देते, अक्षराचे नाही.

दिवेलागणीला ओल्या फडक्यानं कालचं पुसायचं.
सगळं पुसलं जात नाही,
मागच्या वर्षीच्या शिगम्याची वेलांटी अजून खाली दिसते.
तिच्यावरच लिहायचं:
सातेरीच्या देवळात दशावतार, रात्री दहा वाजता.
(दहा म्हणजे साडेअकरा. हे लिहावं लागत नाही.)
शिवोलीला तियात्र, तिकीट शंभर.
शाळेत घुमट-आरतीची तालीम, घुमट आपापलं आणावं.

घोरपड कायद्यानं सुटली,
आता बकऱ्याच्या कातड्यावर फातू गावडो बोट मारतो
आणि मान तिरकी करून थांबतो,
आतून कुणी ओ देतंय का बघत.

इथवर पांढरा खडू.
मग निळा, समुद्राकडच्यांसाठी:
माडांतल्या मांडवात योग, सकाळी साडेसहा.
पुनवेला काशाच्या वाट्यांचा नाद, पडून ऐकायचा. बाराशे.

पडून ऐकायला बाराशे!
आमचा भिकू सावळ जन्मभर भजनात आडवा होऊन ऐकत आला,
त्याला तर टाळाच्या काठानं ढोसून उठवायचे.
तरी एकदा गेलो मी.
दारातल्या पोरीनं हातावरचा खडू बघितला, फुकट सोडलं.
वाटी वाजली
आणि नाद येऊन गुडघ्यात बसला,
अगदी तिथं, जिथं पूर्वी पखवाज बसायचा.
तेव्हापासून बाराशेवर हसतो,
पण कमी.

परवाची गोष्ट सांगतो.
दशावतार झाला. दहीकालो फुटला, पेटारा टेंपोत चढला,
गणपतीचं सोंग गोणपाटात गेलं.
सगुण कांबळी मात्र मागं राहिला.
साठीला दोन कमी, चौतीस वर्षं द्रौपदी,
रात्रभर सभेत उभी राहून टाचा फुटलेल्या.
"तुम्ही व्हा पुढं, मी पहिल्या बसनं येतो," म्हणाला,
लुगडं पिशवीत, वर शर्ट,
डोळ्यांत काजळ तसंच.

बस यायला तास होता.
माडांतल्या मांडवात उजेड होता.
तो चपला काढून आत गेला,
देवळात जातात तसा, उंबरा नसताना उंबऱ्याला हात लावून.
बाईनं चटई दाखवली. कुठली बाई, कुठला देश,
तिनं नाव विचारलं नाही, यानं सांगितलं नाही.
हात वर करा म्हणाली. यानं केले,
आणि अख्खा वर्ग मागं वळून बघत राहिला:
असे हात कुणी वर करतं?
बोटांच्या टोकापर्यंत कृष्णाला हाक मारल्यासारखे?

शेवटी सगळे उताणे झाले. श्वास सोडा, अंग सोडा.
सगुणनं सोडलं.
इतकं सोडलं की घोरायला लागला,
खर्जात, दमदार, मांडवाचे वासे थरथरतील असं.
लोक उठले, चटया गुंडाळल्या, नारळपाणी प्याले,
याला कुणी हात लावला नाही.
बाईनं तिची शाल आणून घातली.
साडेसातची बस गेली. नवाचीही.

मी पेपर आणायला चाललो होतो, बघितलं.
काजळ कानापर्यंत ओघळलेलं,
गालावर रात्रीची पिवळी पावडर,
तोंड उघडं.
चौतीस वर्षांत याला कुणी झोपलेलं बघितलं नसेल,
घरची माणसं सोडली तर. तीही कदाचित नाहीत.

सकाळी मी कधी फळ्याला हात लावत नाही.
त्या दिवशी लावला.
खिशात लाल खडूचा तुकडा होता, त्यानंच लिहिलं:

माडांतल्या मांडवात द्रौपदी निजली आहे.
हॉर्न वाजवू नये.

दुपारपर्यंत तिघांनी येऊन विचारलं,
तिकीट किती,
आणि खेळ किती वाजेपर्यंत.