डाक

शमुवेल भांबळ कागद उलगडतात
माझ्या ऐरणीशेजारी, वजनं बाजूला सारून.
पतंगाचा पातळ कागद, त्यावर कोळशानं घासून उठवलेला
शरणपूरच्या कबरस्तानातला क्रूस.
कुणा गोऱ्या बाईची कबर. नाव झिजलंय, साल अर्धं,
पण दगडावरची दोरी अजून चालतेय,
वर, खाली, वर, खाली,
चालत चालत क्रूसाच्या उजव्या हातापाशी येते
आणि तिथं दगडच नाही.
"वीज पडली म्हणतात. नाहीतर पोरांनी फोडला."

नातीला लॉकेट करायचंय. रूथला.
नर्स झाली, अठ्ठावीस तारखेला कॉर्कला निघाली.
"नक्षी तिकडचीच ना!
ही घेऊन गेली की
त्यांची त्यांना परत केल्यासारखं होईल."
हसतात. खालचे दात नाहीत.

याचा अर्थ काय, मी विचारते.
गिऱ्हाईक विचारतंच, आपल्याला ठाऊक असलेला बरा.
भांबळ छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते,
स्टँपपेपरच्या कडेची जाळी भिंगाखाली बघायचे,
एक रेघ चुकली की अख्खा ताव रद्द.
म्हणाले, मठातल्या साधूंनी काढली ही
वासराच्या कातड्यावर, थंडीनं गारठलेली बोटं फुंकत.
त्यांच्या आधी सोनारांनी, तलवारीच्या मुठींवर,
शालीला टोचायच्या काट्यांवर.
त्याच्याही आधी रोमन लोकांच्या फरशीत नुसती वेणी होती.
अर्थ कुणी लिहून ठेवला नाही.
अनंत, प्रेम, त्रैक्य,
हे फार मागाहून आलं, दुकानाच्या काचेमागे.
"तुमच्याच धंद्यातल्यांनी आणलं,"
म्हणाले, आणि पाणी मागितलं.

सराफ बाजार मिटल्यावर
मी फरशीवर खडूचे ठिपके मांडले.
ठिपक्यांवाचून माझा हात चालत नाही.
आधी साधी वेणी घातली, गोफाला घालते तशी.
काही केल्या ती कागदासारखी दिसेना.
मग कंटाळून एका जागी दोन पेड पुसले
आणि सुटलेली टोकं
वळवून शेजारच्या टोकांना दिली.
तेवढ्यानं गाठ झाली!
तीस वर्षं गोफ विणतेय,
वेणी मोडायची असते हे
कुण्या परक्या बाईच्या कबरीनं सांगावं.

दगडाचा हरवलेला हात मग आपोआप आला.
वर गेलेली तार पुढं खालून जाणारच,
तिला दुसरी वाटच नसते.
मी काही ठरवलं नाही,
फक्त मागोमाग गेले, चांदीची तार घेऊन,
पहाटे दूधवाला येईतो.

म्हणतात, याला आदि नाही, अंत नाही.
तारेला असतो.
दोन टोकं माझ्या चिमट्यात समोरासमोर आली,
टाकणखार लावला, फुंकणी धरली,
डाक चमकून पसरला आणि क्षणात दिसेनासा झाला.
सांधा मी मुद्दाम तिथं घेतला
जिथं एक पेड दुसऱ्याच्या पोटाखालून जातो.
हे सगळेच करतात. सांगत कुणी नाही.

भांबळांनी खिशातून भिंग काढलं.
गल्लीत भांड्यांचा टेम्पो अडकला होता,
हॉर्न, शिव्या,
ते दोरीवरून चालत राहिले, ओठ हलवत,
कुठं वर, कुठं खाली,
आणि सांध्यावर आले.
थांबले.
मी म्हटलं, आता ताव रद्द.

"इथं डाक आहे का?"
"आहे."
"मग पोचेल,"
म्हणाले, आणि पैसे मोजू लागले.

वजन आठ ग्रॅम दोनशे.
घट आली थोडी, येतेच,
कानशीच्या कणांत, झाडूच्या टोकाला.
संध्याकाळी झारेकऱ्याची कौसाबाई
पायरीखालची धूळ पाटीत भरून
गंगेवर धुवायला घेऊन गेली.