सात पानांची फांदी

खामल्यातल्या गच्चीवर, ताडपत्री पांघरलेल्या
कूलरच्या पाठीमागे कुंडीत गुलाब.
पानं अशी की निंबार्तेबाई कठड्यावरून विचारतात,
काय घालता हो?
कळी मात्र मागच्या होळीनंतर एकही नाही.

शेणखत घातलं. संत्र्याच्या साली कुजवल्या.
चहाचा चोथा, मग युरिया चिमूटभर,
मग चिमटीचा अंदाज सुटला.
कुंडी पूर्वेला नेली. कंबर धरली.
परत पश्चिमेला.

नर्सरीतले मडावी आले होते टाकी बघायला.
उकिडवे बसले, पानं मोजली.
"सात हायेत जी. पाच पाह्यजे होते.
भरलेला डोळा कवाच मेला,
खालचा जंगली खुंट वाढून राह्यला."
माती उकरली. गाठीच्या वर बोटभर काळं थोटुक,
खालून हा, हिरवा, माजलेला.

म्हणजे मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
आम्ही अकरा दिवस रायपूरला लग्नात होतो,
तेव्हाच.
तेव्हापासून रोज सकाळी मी
दुसऱ्याच कुणाला तरी पाणी घालतेय,
आणि तो पितोय, न बोलता.

"कापू?" मडावींनी कात्री काढली.
मी म्हटलं, चहा घ्या आधी.