धागे मोजायचं भिंग

वडगावात, विष्णू गल्लीच्या महिला मंडळात
हौजीचे आकडे मी पुकारायचे.
दोन्ही भाषांत, कारण गंगव्वाला
एकोणसत्तर आणि एकोणऐंशी आजवर वेगळे वाटलेले नाहीत.
बावीस, इप्पत्तेरडु, दोन बदकं.
सत्त्याहत्तर, एप्पत्तेळु, दोन कोयते.
पहिल्या ओळीला पाच रुपये, फुल हाऊसला स्टीलचा डबा.
तिकीट भरलेलं नसताना कुणी ओरडली
तर सगळ्यांचा चहा तिच्याकडे.

फोनवरच्या हौजीत कुणी हसत नाही.
चेंडू घरंगळतो, आकडा उजळतो,
तिकीट आपलं आपणच खोडून घेतं.
मी मागाजवळ स्टुलावर, नुसती बघणारी.

पहिल्याच दिवशी ऐंशी रुपये लागले.
वर पाचशेचा बोनस, सोनेरी अक्षरांत,
आणि त्याखाली मुंग्यांची रांग.
धागे मोजायचं भिंग आणलं, सासऱ्यांचं, पितळी,
इंचात उभे किती आडवे किती हे सांगणारं,
फोनवर ठेवलं.
बोनसची रक्कम तीस वेळा खेळून संपवा, मग हातात.
म्हणजे पंधरा हजारांचा खेळ.
परवानाही शोधला. कुठल्याशा बेटाचा.
कल्लाप्पा भावजी नकाशात हुडकून दमले,
"तक्रार करायला होडी लागंल, वैनी."
बोनस नको म्हटलं.

एवढं शहाणपण असून
पगाराच्या शनिवारी बोट घसरलं.
बिंगोला लागूनच क्रिकेटचं दार,
ढकलावंही लागत नाही.
पुढच्या षटकात किती, पुढच्या चेंडूवर काय,
आणि मला लेग बाय म्हणजे काय
तेही ठाऊक नाही.
दोनशे गेले.
त्यांना आणायला तीनशे पाठवले.
त्या पाचशेंना आणायला सहाशे.

एका साडीला मला एकशेवीस मिळतात.
नऊ साड्या, वर वीस रुपये.
रात्रभर नऊ पदर आढ्यावरून लोंबत होते,
काठ माझ्याच हातचे, ओळखू येत होते.

सकाळी मजुरीच्या खात्याचा नंबर फोनातून पुसला.
महिन्याला दोनशे, त्यावर घ्यायचे नाहीत,
असं त्यालाच बजावून ठेवलं; तशी सोय असते,
कुणी दाखवत नाही एवढंच.
तुटलेला धागा जोडते मी, दिवसातून शंभरदा.
जळालेला जोडत नाहीत.
आणि सुनेला, प्रेमलाला, आकडा सांगितला.
अकराशे हा शब्द
ओल्या सुतासारखा जड निघाला तोंडातून.
ती काही बोलली नाही, शिट्ट्या मोजत राहिली,
मग म्हणाली, भात लागला.

तरी नागपंचमीच्या आदल्या दिवशी हात शिवशिवलाच.
कुणाशी तरी मॅच होती. कुणाशी, तेही बघितलं नव्हतं.
तेव्हा मात्र भीती वाटली.

सहा महिने स्वतःलाच बाहेर ठेवायचं बटण
चौथ्या पानाच्या तळाशी आहे,
करड्यावर करडं. भिंग लागलंच.
नक्की? त्यानं विचारलं.
पुन्हा एकदा विचार करा.
तुमची आठवण येईल.

पैसे टाकताना
त्यानं एकदाही काही विचारलं नव्हतं.

मी बटण दाबलं आणि करंट गेला.
त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आमच्याकडे जातोच.
गल्लीतले सगळे माग एका दमात थांबले,
कान मोकळे झाले, आणि भिंतीपलीकडून गंगव्वा,
"काय करालीस गं अंधारात?"
काही नाही म्हटलं. सत्त्याहत्तर.
ती जरा वेळ गप्प.
"एप्पत्तेळु," म्हणाली, "दोन कोयते,"
आणि मोठ्यानं ओरडली, फुल हाऊस!

तिकीट नव्हतंच तिच्याकडे.
चहा तिनं केला.